भा. रा. भागवत

भास्कर रामचंद्र भागवत (जन्म : इंदूर, ३१ मे १९१०, मृत्यू : २७ ऑक्टोबर २००१) हे मराठी बालसाहित्यकार, अनुवादक, पत्रकार आणि विनोदी लेखक होते. त्यांचे लेखन भा. रा. भागवत या नावाने प्रसिद्ध झाले. 'फास्टर फेणे' हा शाळकरी साहसवीर ही त्यांची सर्वांत लोकप्रिय व्यक्तिरेखा होय. परीकथांचे वय सरले आहे, पण प्रौढांच्या कादंबऱ्यांना अजून हात लागलेला नाही, अशा साधारणतः दहा ते चौदा वर्षांच्या वाचकांसाठी त्यांनी विपुल लेखन केले. विनोद आणि रहस्य यांची एकाच कथेत घातलेली सांगड हे या लेखनाचे प्रमुख वैशिष्ट्य आहे.

जीवन

भागवत काही काळ आकाशवाणीत नोकरीस होते. १९४२ च्या 'छोडो भारत' आंदोलनाच्या काळात त्यांनी ती नोकरी सोडली व ते भूमिगत चळवळीत सहभागी झाले. पुढे त्यांनी 'बालमित्र' हे मुलांचे मासिक चालवले. त्यांच्या पत्नी लीलावती भागवत यांनीही मुलांसाठी लेखन केले. आकाशवाणीच्या मुंबई केंद्रावरील कार्यक्रमांमुळे त्या घराघरांत परिचित होत्या.

पार्श्वभूमी

भागवतांच्या आधी मराठीत मुलांसाठी लिहिलेल्या कथात्मक साहित्यात बोधकथा, पौराणिक व ऐतिहासिक कथा आणि परीकथा यांचे प्रमाण मोठे होते. साने गुरुजींच्या लेखनाने संस्कारांचा आणि करुणेचा प्रवाह समृद्ध केला. ना. धों. ताम्हनकर यांच्या 'गोट्या' आणि 'चिंगी' या पुस्तकांनी घरगुती वातावरणातील खेळकर मूल कथेच्या केंद्रस्थानी आणले. रहस्यकथेच्या क्षेत्रात बाबूराव अर्नाळकर अत्यंत लोकप्रिय होते. मात्र त्यांचे नायक प्रौढ होते. गोट्यासारखा ओळखीचा मुलगा आणि रहस्यकथेतील उत्कंठा या दोन्ही गोष्टी फास्टर फेणेच्या कथांत एकत्र आल्या.

फास्टर फेणे

फास्टर फेणेचे मूळ नाव बनेश फेणे. तो पुण्याजवळच्या फुरसुंगीचा असून पुण्यातील विद्याभवन शाळेत शिकतो. काटकुळा बांधा, चौकड्यांचा शर्ट, सायकलीचे वेड आणि जीभ टाळ्याला लावून टॉक् असा आवाज काढण्याची लकब यांमुळे ही व्यक्तिरेखा वाचकांच्या चटकन लक्षात राहते. त्याच्याकडे कोणतीही अद्भुत शक्ती नाही. चौकसपणा, प्रसंगावधान आणि चपळाई एवढ्याच भांडवलावर तो चोर, तस्कर व अपहरणकर्ते यांच्याशी झुंजतो. तो पाऊल टाकील तेथे काहीतरी अघटित घडते, हे या मालिकेचे गृहीत सूत्र आहे.

कथांची पार्श्वभूमी बरीचशी वास्तवातील आहे. पुण्याचे रस्ते, प्रतापगड, काश्मीर अशी स्थळे त्यांत येतात. १९६१ चा पानशेतचा पूर आणि १९६२ चे चीनबरोबरचे युद्ध या तत्कालीन घटनांनाही त्यांत स्थान मिळाले आहे. घरातील मोठी माणसे ज्या घटनांविषयी चिंतेने बोलत होती, त्यांतच आपल्या वयाचा मुलगा काहीतरी करून दाखवतो, हा अनुभव त्या वेळच्या बालवाचकांना नवा होता.

या कथांतील विनोद शब्दांच्या कोट्या, फजितीचे प्रसंग आणि नायकाचा अतिउत्साह यांतून निर्माण होतो. संकट गडद होत असतानाच एखादी विनोदी घटना ताण हलका करते व लगेच कथानकाला नवी कलाटणी मिळते. त्यामुळे भीतीचा अतिरेक न होता उत्कंठा टिकून राहते. उपदेश फारसा नाही. धैर्य आणि मैत्री ही मूल्ये नायकाच्या कृतीतून व्यक्त होतात. मालिकेचे विश्व मुख्यतः शहरी मध्यमवर्गीय मुलाचे आहे आणि साहसाची सूत्रे बहुधा मुलग्यांच्या हाती राहतात, ही तिची मर्यादा होय.

अनुवाद व इतर लेखन

फ्रेंच लेखक ज्यूल व्हर्न यांच्या कादंबऱ्या मराठी मुलांपर्यंत पोहोचवण्यात भागवतांचा वाटा मोठा आहे. 'चंद्रावर स्वारी', 'समुद्रसैतान' आणि 'मुक्काम शेंडेनक्षत्र' ही त्यांपैकी काही पुस्तके. धूमकेतूसाठी शेंडेनक्षत्र हा रूढ, बोलीतला शब्द शीर्षकात योजण्यातून त्यांची अनुवादाची दृष्टी दिसते. लुईस कॅरल यांच्या ॲलिसची कथा त्यांनी 'जाईची नवलकहाणी' या नावाने मराठीत आणली.

बिपिन बुकलवार हा त्यांचा आणखी एक बालनायक. पुस्तकांचा फडशा पाडणाऱ्या या मुलाच्या आडनावातच इंग्रजीतील बुक या शब्दावरील कोटी आहे. वाचनवेडा मुलगाही साहसकथेचा नायक होऊ शकतो, हे या व्यक्तिरेखेने दाखवले. 'भाराभर गवत' या विनोदी पुस्तकाच्या शीर्षकात भागवतांनी स्वतःच्याच नावावर कोटी केली आहे.

रूपांतरे आणि प्रभाव

१९८० च्या दशकात दूरदर्शनवर फास्टर फेणे ही मालिका प्रसारित झाली. तीत सुमीत राघवन यांनी शीर्षक भूमिका केली. २०१७ मध्ये आदित्य सरपोतदार दिग्दर्शित 'फास्टर फेणे' हा मराठी चित्रपट प्रदर्शित झाला. त्यात अमेय वाघ यांनी फेणेची, तर दिलीप प्रभावळकर यांनी स्वतः भागवतांची भूमिका साकारली. चित्रपटातील नायक शाळकरी न राहता तरुण झाला आहे आणि कथानकही आजच्या काळातील आहे. पुस्तकांतील फेणे मात्र शाळकरीच राहिला असून त्याच्या कथा पुनर्मुद्रणांद्वारे नव्या वाचकांपर्यंत पोहोचत राहिल्या आहेत.

निवडक पुस्तके

* फुरसुंगीचा फास्टर फेणे
* बालबहाद्दर फास्टर फेणे
* प्रतापगडावर फास्टर फेणे
* गुलमर्गचे गूढ आणि फास्टर फेणे
* चिंकू चिंपांझी आणि फास्टर फेणे
* चक्रीवादळात फास्टर फेणे