फ्रांस्वा द क्युव्हिये

फ्रांस्वा द क्युव्हिये (२३ ऑक्टोबर १६९५ – १४ एप्रिल १७६८) हे बव्हेरियाच्या दरबारातील वास्तुविशारद व सजावटकार होते. फ्रान्समध्ये उदयाला आलेली रोकोको शैली दक्षिण जर्मनीत रुजवण्यात त्यांचा मोठा वाटा आहे.

पूर्वायुष्य

त्यांचा जन्म आजच्या बेल्जियममधील स्वान्यी या गावी झाला. १७०४च्या पराभवानंतर राज्याबाहेर राहणारे बव्हेरियाचे इलेक्टर माक्सिमिलियान दुसरे इमान्युएल यांच्या सेवेत ते लहानपणीच दाखल झाले, ते दरबारी खुजा म्हणून. त्या काळी युरोपातील राजदरबारांत ठेंगण्या व्यक्तींना करमणुकीसाठी बाळगत असत. मात्र इलेक्टरांनी या मुलाची बुद्धी हेरली आणि त्याला शिकवले. पुढे १७२० ते १७२४ या काळात पॅरिसला पाठवून त्यांना वास्तुकलेचे शिक्षण दिले. १७२५मध्ये योजेफ एफनर यांच्यासोबत त्यांची दरबारी वास्तुविशारद म्हणून नेमणूक झाली.

कार्य

१७२९च्या आगीत म्युनिकच्या राजवाड्यातील दालने जळाली. त्यानंतर सजवलेल्या नव्या दालनांमुळे क्युव्हिये यांचे नाव झाले. त्याच सुमारास कोलोनचे आर्चबिशप क्लेमेन्स ऑगस्ट यांच्यासाठी त्यांनी ब्र्यूलजवळ फाल्केनलुस्ट हा शिकारमहाल उभारला.

निम्फेनबुर्गच्या उद्यानातील आमालिएनबुर्ग (१७३४–१७३९) ही त्यांची सर्वोत्कृष्ट कृती मानली जाते. इलेक्टर कार्ल आल्ब्रेख्त यांची पत्नी मारिया आमालिया यांच्यासाठी बांधलेली ही एकमजली वास्तू बाहेरून बेताचीच वाटते. आतील वर्तुळाकार आरसेमहालात मात्र फिकट निळ्या भिंतींवर चंदेरी वेली, पक्षी व वाद्ये पसरलेली असून, समोरासमोरच्या आरशांमुळे भिंती जागेवर आहेत की नाहीत, असा भास होतो. गिलाव्यातील नक्षी योहान बाप्टिस्ट त्सिमरमान यांची, तर लाकडावरील कोरीवकाम योआखिम डिट्रिख यांचे आहे. आराखडा एकाचा आणि हात अनेकांचे, ही कामाची रीत लक्षात घेतल्याशिवाय क्युव्हिये यांचे श्रेय नेमके ठरवता येत नाही. छतावरील सज्जातून मारिया आमालिया तितरांच्या जातीच्या पक्ष्यांची शिकार करीत.

पुढे युद्धामुळे दरबारी बांधकामे मंदावली. १७६३मध्ये, म्हणजे वयाच्या अडुसष्टाव्या वर्षाच्या आसपास, त्यांना मुख्य दरबारी वास्तुविशारदाचे पद मिळाले. म्युनिकच्या थिएटिनर चर्चचा दर्शनी भाग हे त्यांचे अखेरचे मोठे काम. ते त्यांच्या मुलाने पूर्ण केले.

राजवाड्यातील नाट्यगृह

जुने नाट्यगृह १७५०मध्ये जळाल्यावर क्युव्हिये यांनी नवे बांधले. ते १७५३मध्ये खुले झाले आणि १७८१मध्ये मोझार्टच्या 'इडोमेनेओ' या ऑपेराचा पहिला प्रयोग तेथेच झाला. दुसऱ्या महायुद्धात सज्जांचे कोरीव लाकूडकाम वेळीच उतरवून सुरक्षित ठिकाणी हलवण्यात आले. १९४४च्या बॉम्बहल्ल्यात इमारत नष्ट झाली, पण हे काम वाचले. १९५८मध्ये ते राजवाड्याच्याच दुसऱ्या भागात पुन्हा बसवण्यात आले. आज क्युव्हिये नाट्यगृह म्हणून ओळखली जाणारी वास्तू ती हीच. मूळ जागी आता एक आधुनिक नाट्यगृह उभे आहे.