लक्ष्मीबाई टिळक

लक्ष्मीबाई नारायण टिळक (१ जून १८६८ – २४ फेब्रुवारी १९३६) या मराठी आत्मचरित्रकार आणि कवयित्री होत्या. 'स्मृतिचित्रे' हे त्यांचे आत्मचरित्र मराठी गद्यातील श्रेष्ठ ग्रंथांत गणले जाते. कवी रेव्हरंड नारायण वामन टिळक हे त्यांचे पती. पतीच्या धर्मांतरामुळे हे दांपत्य सुमारे पाच वर्षे विभक्त राहिले. पुढे लक्ष्मीबाईंनी स्वतःच्या विचाराने ख्रिस्ती धर्म स्वीकारला आणि त्यांचा संसार पुन्हा उभा राहिला.

== बालपण ==
लक्ष्मीबाईंचे माहेरचे नाव मनकर्णिका गोखले. नाशिकजवळील जलालपूर या गावी त्यांचे बालपण गेले. १८५७च्या उठावानंतर त्यांच्या आईच्या वडिलांना फाशी देण्यात आली होती. त्या घटनेच्या धक्क्याने त्यांच्या वडिलांना सोवळ्याओवळ्याचे वेड लागले. बाहेरून आलेले धान्य आणि मीठसुद्धा धुतल्याशिवाय घरात घेतले जात नसे. स्पर्शाचे आणि विटाळाचे हे भय मुलीच्या मनात खोल रुजले. लक्ष्मीबाईंच्या पुढील आयुष्यातील सर्वांत मोठा झगडा याच भयाशी होता. त्या मानाने ख्रिस्ती तत्त्वज्ञानाशी त्यांचे भांडण थोडेच होते.

शालेय शिक्षण त्यांना मिळाले नाही. अक्षरओळख लग्नानंतर पतीकडून झाली आणि जोडाक्षरे त्यांना आयुष्यभर त्रास देत राहिली.

== विवाह ==
१८८०मध्ये, वयाच्या अकराव्या वर्षी, त्यांचा विवाह नारायण वामन टिळक यांच्याशी झाला. टिळक कवी, कीर्तनकार आणि संस्कृतचे जाणकार होते. स्वभावाने अत्यंत उदार, तितकेच तापट आणि लहरी. पैसा त्यांच्या हातात टिकत नसे. कुणाला न सांगता घर सोडून जाणे आणि काही काळाने परत येणे हेही नित्याचेच होते. सासरे कठोर होते. नोकऱ्यांमागून नोकऱ्या आणि गावांमागून गावे बदलत या संसाराची पहिली पंधरा वर्षे गेली. पतीच्या प्रेमाविषयी लक्ष्मीबाईंना शंका नव्हती, मात्र उद्या काय होईल याची खात्री त्यांना कधीच वाटली नाही. या काळातील काही अपत्ये अल्पायुषी ठरली. पुत्र दत्तू, म्हणजे पुढे साहित्यिक म्हणून परिचित झालेले देवदत्त नारायण टिळक, यांचा जन्म १८९१चा.

== पतीचे धर्मांतर आणि वियोग ==
नागपूरहून राजनांदगावला जाताना आगगाडीत एका युरोपीय सहप्रवाशाने टिळकांना 'नवा करार' भेट दिला. धर्मासंबंधी स्वतंत्र विचार टिळकांच्या मनात आधीपासूनच घोळत होते. या वाचनाने त्यांना दिशा मिळाली. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. पत्नीला त्यांनी याची पूर्वकल्पना दिली नव्हती. टिळकांच्या चरित्रकारांनी या गोष्टीकडे सौम्यपणे पाहिले असले, तरी तिचा आघात लक्ष्मीबाईंवरच झाला. नवरा हयात असूनही त्यांच्या वाट्याला परित्यक्तेचे जिणे आले. लहानग्या दत्तूला घेऊन, नातलगांच्या आधाराने, त्यांनी पंढरपुरात दिवस काढले. मनाचा तोल ढळेल अशी अवस्था अनेकदा आली. याच दुःखात त्या स्वतःची पहिली पद्ये रचू लागल्या.

धर्मांतरितांच्या विवाहविच्छेदाचा कायदा १८६६पासून अस्तित्वात होता. जोडीदार सहवासास नकार देत असेल, तर ख्रिस्ती झालेल्या व्यक्तीला त्यानुसार न्यायालयात जाऊन विवाहबंधनातून मुक्त होता येत असे. टिळकांनी तो मार्ग पत्करला नाही. ते पत्रे लिहीत राहिले, भेटीस येत राहिले. धर्म बदलला तरी पत्नी तीच, ही त्यांची भूमिका कायम राहिली. लक्ष्मीबाईंनीही सौभाग्यचिन्हे उतरवली नाहीत. दोघांमधला धागा तुटला नाही तो यामुळे. श्रद्धेचे ऐक्य खूप नंतरचे.

== धर्मस्वीकार ==
काही वर्षांनी लक्ष्मीबाई पतीकडे अहमदनगरला आल्या. पण प्रारंभी त्यांनी आपले सोवळे आणि स्वयंपाक वेगळाच ठेवला. टिळकांनी धर्मांतराचा आग्रह धरला नाही. ही गोष्ट महत्त्वाची आहे, कारण इतर बाबतींत ते आग्रही आणि उतावीळ म्हणून प्रसिद्ध होते.

लक्ष्मीबाईंच्या मनातील बदल प्रवचनांतून झाला नाही. जातिभेद देवाने केलेला की माणसाने, हा प्रश्न त्यांना छळू लागला. विचाराअंती तो माणसाने केला असल्याचे त्यांना पटले आणि त्यांनी कोणाच्याही हातचे अन्नपाणी घेण्याचे ठरवले. वडिलांच्या घरी धुतल्याशिवाय मीठही न घेणाऱ्या मुलीच्या दृष्टीने हा निर्णय बाप्तिस्म्यापेक्षा लहान नव्हता. ख्रिस्ताविषयीची श्रद्धा त्यानंतर आली. १९००मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. आपण केवळ नवऱ्यामागून गेलो नाही, हे त्यांच्या आत्मचरित्रातून स्पष्टपणे जाणवते.

== अहमदनगरचे घर ==
बाप्तिस्म्यानंतरही टिळकांचा संताप ओसरला नाही की घरातील चणचण संपली नाही. फरक पडला तो घर कोणासाठी आहे या समजुतीत. दुष्काळ आणि प्लेग यांच्या काळात पोरकी झालेली मुले टिळकांच्या घरी आणली गेली आणि त्यांचे पोट भरण्याची जबाबदारी लक्ष्मीबाईंवर पडली. प्लेगग्रस्तांच्या सेवेतही दोघांनी भाग घेतला. टिळक मनाला येईल त्याला घरी आणीत आणि लक्ष्मीबाई आधी कुरकुर करून मग त्याला वाढीत, अशी त्या घराची रीत होती. पतीच्या विक्षिप्तपणावर त्या आता हसू शकत होत्या. भांडणे होत, पण आता त्यांच्या शेवटी कोणी घर सोडून निघून जात नसे.

बालकवी त्र्यंबक बापूजी ठोमरे यांना टिळकांनी आश्रय दिला आणि लक्ष्मीबाईंनी त्यांच्यावर मुलासारखी माया केली. १९१८मध्ये बालकवींचा रेल्वे अपघातात मृत्यू झाला.

दोघांच्या ख्रिस्ती श्रद्धेचा पेहराव अस्सल मराठी होता. टिळकांनी ओवी, अभंग आणि भजन यांना चर्चच्या उपासनेत स्थान मिळवून दिले. त्यांची गीते मराठी ख्रिस्ती मंडळ्यांत आजही गायिली जातात. लक्ष्मीबाईही ख्रिस्ती विषयांवर कीर्तने करीत. पंढरपुरातील वियोगाच्या वर्षांत कानावर पडलेली भक्तीची भाषा त्यांना टाकून द्यावी लागली नाही.

१९१७मध्ये टिळकांनी मिशनच्या चौकटीबाहेर पडून संन्यस्त वृत्ती स्वीकारली आणि साताऱ्यात 'देवाचा दरबार' सुरू केला. संसार स्थिरावला असताना घेतलेला हा निर्णय लक्ष्मीबाईंना पेलावा लागला. ९ मे १९१९ रोजी मुंबईत टिळकांचे निधन झाले.

== उत्तरायुष्य आणि लेखन ==
वैधव्यानंतर लक्ष्मीबाईंनी मुंबईत मुलींच्या एका वसतिगृहाची व्यवस्था पाहिली. नंतर देवदत्त यांच्या कुटुंबासोबत त्या काही वर्षे कराचीत होत्या. शेवटचा काळ नाशिकमध्ये गेला.

देवदत्त वडिलांच्या चरित्रासाठी साहित्य जमवीत होते. त्यासाठी लक्ष्मीबाईंनी आठवणी लिहायला घेतल्या आणि त्यांतून 'स्मृतिचित्रे' आकाराला आली. 'संजीवनी' या नियतकालिकातून ती क्रमशः प्रसिद्ध झाली. ग्रंथरूपाने पहिला भाग १९३४मध्ये निघाला आणि शेवटचा त्यांच्या निधनानंतर. पतीचे दोष झाकायचे नाहीत आणि त्यांच्याविषयीचा आदरही लपवायचा नाही, ही या लेखनाची अवघड कसरत आहे. भाषा बोलण्यातली, वाक्ये छोटी, विनोद बहुधा स्वतःवरच. धर्मांतराच्या कहाण्यांत आधीचे आयुष्य काळे रंगवण्याचा मोह सहसा आवरत नाही. लक्ष्मीबाईंनी माहेर, सासर आणि पंढरपूर यांच्याविषयी ज्या ममतेने लिहिले आहे, त्यामुळे हे पुस्तक कोणत्याही धर्माच्या वाचकाला आपले वाटते. ई. जोसेफिन इंक्स्टर यांनी केलेला इंग्रजी अनुवाद १९५०मध्ये, तर शांता गोखले यांचा २०१७मध्ये प्रकाशित झाला. त्यांच्या कवितांचा 'भरली घागर' हा संग्रह मरणोत्तर निघाला.

ख्रिस्ताच्या जीवनावरील 'ख्रिस्तायन' हे महाकाव्य टिळकांनी आरंभले होते. पहिले दहा-अकरा अध्याय लिहून ते निवर्तले. पुढचे ६४ अध्याय लक्ष्मीबाईंनी ओवीबद्ध केले. जोडाक्षरांना बिचकणाऱ्या या बाईंनी उतारवयात अनेक वर्षे हे काम चिकाटीने चालवले. शेवटचा अध्याय देवदत्त यांनी रचला आणि लक्ष्मीबाईंच्या निधनानंतर हे काव्य १९३८मध्ये प्रकाशित झाले.