संत पीटर शानेल : फुटूना बेटावरचे फादर



२८ एप्रिलला उपासनेच्या दिनदर्शिकेत संत पीटर शानेल यांचे नाव असते. त्याच दिवशी संत लुईस दि माँफर्ट यांचाही स्मृतिदिन येतो, शिवाय पुनरुत्थानकाळ चालू असतो. त्यामुळे शानेल यांच्याविषयी प्रवचनात फारसे काही सांगितले जात नाही. मीही कित्येक वर्षे सांगितले नाही, म्हणून हा लेख.

त्यांचा जन्म १२ जुलै १८०३ रोजी फ्रान्समधील क्वे या गावाजवळ शेतकरी घरात झाला. लहानपणी ते मेंढरे राखत. शेजारच्या क्रा गावच्या धर्मगुरूंनी त्यांची हुशारी ओळखून त्यांना शिकवले. १८२७ साली गुरुदीक्षा झाली. क्रोझे येथे त्यांनी धर्मग्राम सांभाळला आणि १८३१ साली ते मारिस्ट संस्थेत गेले. ओढ होती मिशनची, पण वाट्याला आली सेमिनरीतली शिक्षकी, तीही पाच वर्षे! अखेर १८३६ साली पोप ग्रेगरी सोळावे यांनी पश्चिम ओशनियाचे काम मारिस्टांकडे सोपवले.

२४ डिसेंबर १८३६ रोजी, नाताळच्या आदल्या दिवशी, बिशप पाँपालिये यांच्याबरोबर त्यांनी ल हाव्र बंदर सोडले. जहाज शिडाचे, सगळा भरवसा वाऱ्यावर. बरोबरचे फादर क्लोद ब्रे वाटेतच वारले आणि त्यांचा देह समुद्राच्या स्वाधीन करावा लागला. चिलीतील वालपाराइसो, मग गॅम्बिये, मग ताहिती. तेथून 'रायातेआ' नावाच्या लहान दोन डोलकाठ्यांच्या जहाजातून पुढचा प्रवास झाला. वॉलिस बेटावर फादर बातायों यांना उतरवून जहाज नोव्हेंबर १८३७ मध्ये फुटूनाला लागले.

फुटूना म्हणजे फिजीच्या ईशान्येला असलेले डोंगराळ बेट, पन्नास चौरस किलोमीटरही नाही. एवढ्याशा बेटावर दोन राज्ये, आणि त्यांचे एकमेकांशी वैर. राजा निउलिकी यांनी पाहुण्यांना राहू दिले. फादर शानेल, वीस वर्षांचे ब्रदर मारी-निझिए आणि टॉमस बोग नावाचा एक इंग्रज असे तिघे किनाऱ्यावर राहिले. सहा महिन्यांत परत येतो, असे सांगून बिशप निघाले. शिडे दिसेनाशी झाली.

सहा महिने गेले, वर्ष गेले, बिशप काही आले नाहीत. फादरांच्या हयातीत ते आलेच नाहीत. न्यूझीलंडचे काम त्यांच्या अंगावर पडले होते आणि समुद्र अफाट. त्यांना दोष द्यायला माझे मन धजत नाही. पण त्या बेटावर एक-एक दिवस कसा गेला असेल!

फादरांना तिथली भाषा येत नव्हती. ती शिकण्यातच बराच काळ गेला. ते आजाऱ्यांची शुश्रूषा करीत, जमीन कसून भाजीपाला लावीत, आणि ते पीक लोक चोरून नेत. १८३९ साली दोन्ही राज्यांत लढाई झाली, तेव्हा त्यांनी जखमींची सेवा केली. बेटाचा देव राजाच्या अंगी वास करतो, अशी तिथली श्रद्धा होती. नवा धर्म वाढला तर आपले काय, हे निउलिकींना हळूहळू कळले आणि आधीचा स्नेह आटला.

साडेतीन वर्षांत झालेले स्नानसंस्कार पन्नासही नव्हते. त्यांतही बहुतेक मरणाच्या दारातली बालके आणि आजारी माणसे. दरवर्षी धर्मग्रामाचे आकडे भरून पाठवताना मला याची आठवण होते. तो तक्ता फादर शानेल यांनी भरला असता, तर वरिष्ठांनी काय म्हटले असते कोण जाणे!

काही तरुण मात्र शिकायला येऊ लागले होते. त्यांत राजाचा मुलगा मेइताला निघाला आणि ठिणगी पडली. २८ एप्रिल १८४१ रोजी सकाळी राजाचा जावई मुसुमुसु जखमेवर औषध मागण्याच्या निमित्ताने पोई येथे आला. ब्रदर बेटाच्या दुसऱ्या बाजूला गेलेले, फादर एकटेच. सोबतच्या माणसांनी त्यांना मारहाण केली आणि मुसुमुसुने कुऱ्हाडीचा घाव घातला. फादर ३७ वर्षांचे होते.

जानेवारी १८४२ मध्ये एक फ्रेंच युद्धनौका आली आणि त्यांचे अवशेष घेऊन गेली. मे महिन्यात बिशप पाँपालिये स्वतः फुटूनाला आले, तेव्हा शेकडाहून अधिक लोक स्नानसंस्कारासाठी तयार होते. दोन-तीन वर्षांत सगळे बेट ख्रिस्ती झाले. फिलॉसॉफीच्या वर्गात आम्ही कार्यकारणभाव शिकलो. पण इथे तो कसा लावायचा, हे मला अजून सांगता येत नाही.

१८८९ साली त्यांना धन्य घोषित करण्यात आले, तर १२ जून १९५४ रोजी पोप पायस बारावे यांनी संतपद दिले. ओशनियाचे ते आश्रयदाते संत आहेत. त्यांचे अवशेष न्यूझीलंडमार्गे फ्रान्सला गेले होते, ते १९७७ साली फुटूनाला परत आले.

मुसुमुसुनेही पुढे स्नानसंस्कार घेतला. मला पोईच्या चर्चबाहेर पुरा, म्हणजे फादरांना वंदन करायला येणारे माझ्या थडग्यावर पाय देऊन आत जातील, अशी त्याची इच्छा होती, असे तिथे सांगतात. २८ एप्रिलला त्या बेटांवर सुट्टी असते.