डॉ. होमी जहांगीर भाभा

साकीनाक्याहून तुर्भे फार दूर नाही. म्हणून हे चरित्र आम्ही निवडले. डॉ. भाभांचा जन्म १९०९ साली मुंबईस पारशी घराण्यात झाला. वडिलांनी त्यांस यंत्रशास्त्रासाठी केंब्रिजला धाडिले. मन मात्र गणित व पदार्थविज्ञानाकडे ओढ घेई. यंत्रशास्त्रात पहिला वर्ग मिळविल्यावरच पित्याने तो मार्ग मोकळा केला. सौदा आम्हांस रास्त वाटतो! १९३९ साली ते सुटीत घरी आले, तोच महायुद्ध पेटले व ते येथेच राहिले.

१९५४ साली तुर्भ्यास त्यांनी अणुशक्तिसंस्था उभारिली. उपकरणे देशातच घडावीत, हा त्यांचा आग्रह. १९६६ साली आल्प्समधील मॉं ब्लां पर्वतावर विमान कोसळून त्यांचा अंत झाला. पुढल्याच वर्षी संस्थेस त्यांचे नाव मिळाले. तेथील शास्त्रज्ञांनी पुढे गॅडोलिनियमयुक्त स्फटिक वाढविले. गॅमा किरण शिरताच ते क्षणभर लुकलुकतात. न्यूट्रॉनास विद्युद्भार नाही, तो सहसा चकवितो. परंतु गॅडोलिनियम त्यास गिळते, आणि स्फटिक लुकलुकून वर्दी देतो.