‘मूकनायक’ ते मतदार यादी

वर्धापन दिनी आपण बुद्धवंदना घेतो, खीरदान करतो, बाबासाहेबांच्या आठवणी काढतो. महाडचे तळे, काळाराम मंदिर, नागपूरची दीक्षाभूमी आपल्या पोराबाळांनाही पाठ आहे. पण परमपूज्य बाबासाहेब वर्तमानपत्र आणि मत या दोन गोष्टींसाठी जन्मभर झुंजले, ते मात्र आपण विसरत चाललो. म्हणून या स्मरणिकेत आम्ही तेवढेच सांगणार आहोत.

१९१९ साली मताधिकाराच्या चौकशीसाठी साउथबरो कमिटी आली. तेव्हा मत होते ते जमीनजुमलेवाल्याला, सारा भरणाऱ्याला. गावकुसाबाहेरच्या माणसाकडे कुठली जमीन आणि कुठला सारा? बाबासाहेब त्या वेळी सिडनहॅम कॉलेजात प्रोफेसर होते, वय वर्षे २७. अस्पृश्यांसाठी मताची अट खाली आणा आणि त्यांचे प्रतिनिधी त्यांनाच निवडू द्या, अशी साक्ष त्यांनी दिली.

पण साक्ष कमिटीच्या दप्तरात राहते, वस्तीत पोचत नाही. म्हणून ३१ जानेवारी १९२० रोजी ‘मूकनायक’ निघाला. छत्रपती शाहू महाराजांनी २,५०० रुपयांची मदत केली. ‘केसरी’ने मात्र पैसे देऊनही त्याची जाहिरात छापली नाही. सरकारी नोकरीमुळे बाबासाहेबांना संपादक म्हणून नाव देता येईना, ते पांडुरंग भटकरांचे लागले. पुढे बाबासाहेब शिक्षणासाठी लंडनला गेले आणि १९२३ साली पत्र बंद पडले. पण ते थांबले नाहीत. १९२७ ला ‘बहिष्कृत भारत’ काढला, रकानेच्या रकाने स्वतः लिहिले. १९३० ला ‘जनता’, तिचाच १९५६ ला ‘प्रबुद्ध भारत’ झाला. ज्यांची बातमी कोणी छापत नव्हते त्यांनी स्वतःच छापायचे, हा त्यांचा हिशोब.

१९२८ ला सायमन कमिशनपुढे त्यांनी सर्व प्रौढ स्त्री-पुरुषांना मत मागितले. गोलमेज परिषद, पुणे करार आपल्याला ठाऊक आहेच. ७ नोव्हेंबर १९३८ ला संपाच्या हक्कावर घाला घालणाऱ्या बिलाविरुद्ध मुंबईच्या गिरण्या बंद पडल्या, तेव्हा बाबासाहेब आणि त्यांचा स्वतंत्र मजूर पक्ष कामगारांबरोबर होता. आम्हा गिरणीवाल्यांना याची किंमत वेगळी सांगायला नको. कारण पुढे १९४६ च्या कायद्याने गिरणीत कोणती युनियन मान्य, हे कामगारांच्या गुप्त मतदानाने नव्हे, तर सभासदांच्या पावत्यांवरून ठरू लागले. १९८२ च्या संपात आमचे वडील घरी बसले. एवढे लाखो कामगार एका बाजूला, आणि बोलणी करायचा हक्क दुसऱ्याच्या हाती! मत नसणे म्हणजे काय, ते आमच्या घराने चुलीवर पाहिले आहे.

म्हणून संविधान सभेतले त्यांचे काम आम्हाला फार मोठे वाटते. निवडणुकांसाठी प्रत्येक प्रांताचा वेगळा आयोग असावा, असे आधी घाटत होते. जून १९४९ मध्ये बाबासाहेबांनी सगळ्या देशासाठी एकच स्वतंत्र आयोग मांडला. कारणही रोखठोक सांगितले. काही प्रांतांत वेगळ्या वंशाच्या, वेगळ्या भाषेच्या लोकांची नावे यादीतून गाळली जात असल्याच्या तक्रारी होत्या. मताचा हक्क कायद्यात लिहिला आणि यादीतून नाव उडवले, तर उरले काय? ३२४, ३२५, ३२६ ही कलमे त्या काळजीपोटी आली.

२५ नोव्हेंबर १९४९ च्या भाषणात त्यांनी सभागृहाला आठवण दिली, की हे आपल्याला नवे नाही. भिक्खू संघात ठराव मांडत, कोरम पाहत, शलाका घेऊन मतदान करत. राजकारणातली व्यक्तिपूजा हुकूमशाहीकडे नेते, हेही त्यांनी बजावले. आपण त्यांच्या फोटोला हार घालतो तेव्हा हे ध्यानात असू द्यावे.

आणि ज्यांनी देशाला मत दिले ते स्वतः १९५२ च्या पहिल्याच लोकसभा निवडणुकीत मुंबईत १४ हजारांवर मतांनी पडले. त्या मतदारसंघात ७४ हजारांवर मते बाद झाली होती. अशोक मेहतांसोबत त्यांनी रीतसर निवडणूक याचिका केली. निकाल बदलला नाही. १९५४ ला भंडाऱ्याला पोटनिवडणूक लढले, तिथेही हरले. पण हरलो म्हणून मतपेटी फोडा, असे त्यांनी सांगितले नाही. दाद मागायची ती कायद्याने, आणि मागायचीच, गप्प बसायचे नाही. ६ डिसेंबर १९५६ ला त्यांचे महापरिनिर्वाण झाले.

बंधू-भगिनींनो, हे सांगायचे कारण असे. आमची चाळ पाडली, बिऱ्हाडे पांगली, आणि मागच्या मतदानाला कितीतरी जणांची नावे यादीत सापडली नाहीत. आमच्या शेजारची आजी पांढरे लुगडे नेसून उन्हात दोन तास उभी राहिली आणि बोटाला शाई न लागता परत आली. चूक कोणाची, हे शोधण्याआधी आम्ही स्वतःला विचारले, यादी वेळेत कोणी पाहिली होती? आम्हीही नाही.

तेव्हा विहारात पंचशील घेऊन झाल्यावर अर्धा तास बसू. रोजचा पेपर ठेवू, पोरांकडून मोठ्याने वाचून घेऊ. मतदार यादी आणू, घराघरातली नावे ताडून पाहू, गळालेल्यांचे अर्ज भरू. आणि विहाराच्या कमिटीची निवडही हात वर करून नको, चिठ्ठीने करू. बाबासाहेबांना अभिवादन करायचे ते असे.

जयभीम! नमो बुद्धाय!