संसार सोडायचा की धरायचा? लक्ष्मीबाई टिळकांनी राहुरीत घेतलेला निर्णय

शनिशिंगणापूर (ता. नेवासा) : शिर्डीचं दर्शन उरकून शिंगणापूरला निघालेल्या गाड्या राहुरीवरून सोनईकडे वळतात. शनिवार असो की अमावास्या, हा रस्ता कधी रिकामा नसतो. घरांना दारं-कुलपं नसलेलं गाव बघायचं म्हणून राज्याबाहेरूनही लोक येतात. मात्र याच वाटेवरच्या राहुरीत सव्वाशे वर्षांपूर्वी एका बाईनं आपल्या संसाराचा फार अवघड निर्णय घेतला, हे जाणाऱ्या-येणाऱ्यांपैकी थोड्यांनाच माहीत असेल. ती बाई म्हणजे 'स्मृतिचित्रे' लिहिणाऱ्या लक्ष्मीबाई टिळक.

नवरा मनानं चांगला, पण त्याचा कशातच पाय ठरत नाही. नोकरी टिकत नाही, हातात पैसा राहत नाही, उद्याचा विचार नाही. अशा माणसाबरोबर आयुष्य काढायचं की वेगळं व्हायचं, हा प्रश्न आजही आपल्या गावागावांत आहे. लक्ष्मीबाईंपुढं तो आला तेव्हा त्यांचं शिक्षण नव्हतं, स्वतःची कमाई नव्हती आणि पदरात लहान मुलगा होता.

सोवळ्यातलं माहेर

लक्ष्मीबाईंचा जन्म १८६८ सालचा. माहेर नाशिकजवळच्या जलालपूरचं, आडनाव गोखले, माहेरचं नाव मनकर्णिका. सगळे मनू म्हणायचे. १८५७ च्या बंडानंतर त्यांच्या आजोबांना, म्हणजे आईच्या वडिलांना फाशी झाली. त्या धक्क्यानंतर वडील नाना गोखले यांच्या डोक्यात सोवळ्या-ओवळ्याचं वेडच शिरलं. बाहेरून घरात येणारी प्रत्येक वस्तू धुवून घ्यायची. शिवाशिव झाली की अंघोळ. घरातल्या बायका-मुलांचे त्यापायी हाल व्हायचे. पुढं लक्ष्मीबाईंनी हे सगळं हसत-हसवत लिहिलं, पण लहानपणी ते अंगावरच काढलं होतं.

वयाच्या अकराव्या वर्षी त्यांचं लग्न झालं. नवरा नारायण वामन टिळक, वयानं सहा-सात वर्षांनी मोठा. मूळचा रत्नागिरी जिल्ह्यातल्या करजगावचा. आई लहानपणीच गेलेली, वडील तापट. घर सोडून नाशिकला आलेला आणि संस्कृत शिकलेला हा मुलगा बुद्धीनं तल्लख होता. कविता करायचा, बोलायला लागला की लोक ऐकत बसायचे. पण एका जागी बसणं त्याच्या स्वभावातच नव्हतं.

ठिकाण नसलेला नवरा

पुढची पंधरा वर्षं लक्ष्मीबाईंनी जो संसार केला, त्याला संसार म्हणावं का, असा प्रश्न पडतो. टिळकांनी शाळामास्तरकी केली, कीर्तनं-पुराणं केली, छापखान्यात खिळे जुळवण्याचं काम केलं. कुठं वरिष्ठांशी पटलं नाही, कुठं स्वतःलाच कंटाळा आला. मनात आलं की न सांगता घरातून निघून जायचे आणि काही दिवसांनी तसेच परत यायचे. तोवर बायको कधी माहेरी, कधी सासऱ्यांकडं, कधी बहिणीच्या घरी. भांडी-कुंडी मांडली की ती पुन्हा बांधायची वेळ यायची.

पैशाचं तर विचारूच नका. हातात चार रुपये आले की समोर जो गरजू दिसेल त्याला देऊन मोकळे. बाजारात पाठवलं तर घरात लागणारी वस्तू सोडून भलतंच काहीतरी घेऊन यायचे. राग आला तर डोकं फिरायचं, उतरला की बायकोची मनधरणी करायचे. नुसतं घर सांभाळण्याच्या हिशेबानं बघितलं तर हा माणूस नापासच.

१८९१ च्या सुमारास नागपूरला आप्पासाहेब बुटी यांच्याकडं संस्कृत ग्रंथांचं काम मिळालं, तेव्हा जरा बरे दिवस आले. टिळक 'ऋषी' नावाचं मासिक काढू लागले. आधीची मुलं दगावली होती, पण त्याच साली झालेला दत्तू जगला. आता बूड स्थिर होईल, असं वाटत असतानाच तेही काम सुटलं आणि टिळक नोकरीसाठी राजनांदगावच्या संस्थानाकडं निघाले. त्या आगगाडीच्या प्रवासात अर्नेस्ट वॉर्ड नावाच्या मिशनऱ्याची गाठ पडली. त्यानं बायबल हातात ठेवलं आणि दोन वर्षांत तुम्ही ख्रिस्ती व्हाल, असं भाकीत केलं.

फेब्रुवारी १८९५

१० फेब्रुवारी १८९५ रोजी टिळकांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. बायकोला आधी काहीच सांगितलं नव्हतं. चित्पावन ब्राह्मणाच्या घरात तेव्हा याचा अर्थ एकच होता. माणूस जिवंत असून मेल्यासारखा. बातमी कळल्यावर लक्ष्मीबाई अक्षरशः कोसळल्या. अन्नपाणी सुटलं, झोप उडाली, वेड लागतं की काय अशी अवस्था झाली. नातेवाइकांनी त्यांना सावरलं. बहिणीच्या आधारानं त्या पंढरपूरला येऊन राहिल्या. सोबत चार वर्षांचा दत्तू.

आता नवऱ्याचा निव्वळ धरसोडपणा एवढाच प्रश्न राहिला नव्हता. त्यानं आयुष्यातला सगळ्यात मोठा निर्णय बायकोला न विचारता घेतला होता. त्याच्याकडं जावं तर माहेर तुटणार, जात जाणार, देव जाणार. न जावं तर नवरा जिवंत असताना दुसऱ्याच्या दारात आयुष्य काढायचं आणि मुलाला बापावाचून वाढवायचं.

तेव्हाचा कायदा

त्या काळी हिंदू स्त्रीला घटस्फोटाचा सर्वसाधारण कायदाच नव्हता. मुंबई प्रांतात तसा कायदा व्हायला १९४७ साल उजाडलं. धर्मांतर झालेल्या जोडप्यांसाठी १८६६ चा एक कायदा होता. जोडीदार धर्माच्या कारणावरून नांदायला नकार देत असेल तर ख्रिस्ती झालेली व्यक्ती न्यायालयातून लग्न मोडून घेऊ शकत होती. पण हा मार्ग धर्म बदललेल्याला होता, मागं राहिलेल्याला नव्हता. म्हणजे टिळक मोकळे होऊ शकत होते, लक्ष्मीबाई नाही.

टिळकांनी मात्र तो मार्ग धरला नाही. दुसरं लग्न केलं नाही. पत्रं पाठवत राहिले, वाट बघत राहिले.

याच्या थोडं आधी मुंबईत रखमाबाईंचा खटला गाजला होता. लहानपणी लग्न झालेला नवरा दादाजी भिकाजी याच्याकडं नांदायला जाणार नाही, असं त्यांनी ठणकावून सांगितलं. शिक्षण नाही, उद्योग नाही, प्रकृती धड नाही, अशा माणसाशी संमतीशिवाय लावलेलं लग्न त्यांना मान्य नव्हतं. १८८७ साली न्यायालयानं नांदायला जा, नाहीतर सहा महिने तुरुंगात जा, असा हुकूम दिला, तेव्हा त्यांनी तुरुंगाची तयारी दाखवली. १८८८ साली दोन हजार रुपयांवर तडजोड झाली. पुढं त्या विलायतेत शिकून डॉक्टर झाल्या. रखमाबाईंनी सोडलं आणि त्यांचं बरोबर होतं. लक्ष्मीबाईंची गोष्ट वेगळ्या वाटेनं गेली.

नगरला, पण चूल वेगळी

टिळक तोवर नगरला स्थिरावले होते. अमेरिकन मराठी मिशनच्या डॉ. ह्यूम यांच्या धर्मशिक्षणाच्या शाळेत शिकवत होते. इतकी वर्षं भटकणारा माणूस प्रथमच एका कामात रमला होता. मात्र लक्ष्मीबाईंनी लगेच विश्वास टाकला नाही. साडेचार-पाच वर्षं त्या दूरच राहिल्या. या काळात दुःखातून त्या ओव्या-कविता करू लागल्या. अक्षरओळख जेमतेम होती, पण मनातलं बाहेर यायला वाट मिळाली.

शेवटी त्या नगरला आल्या. कशा आल्या, हे महत्त्वाचं आहे. नवऱ्याचा धर्म स्वीकारून नव्हे, की त्याला माफ करून टाकलं म्हणूनही नव्हे. स्वयंपाक वेगळा, पाणी वेगळं, सोवळं आपलं आपल्यापाशी. नवरा ख्रिस्ती, बायको ब्राह्मण. नगरच्या लोकांना हा संसार म्हणजे नवलच होतं. तिकडच्या नातलगांना वाटायचं बाई बाटली, इकडच्या ख्रिस्ती मंडळींना वाटायचं बाई हट्टी आहे.

टिळकांच्या हातून इथं एक शहाणपणाची गोष्ट झाली. त्यांनी जबरदस्ती केली नाही. एरवी तापट असलेला हा माणूस बायकोच्या सोवळ्याच्या बाबतीत मात्र तिच्या कलानं वागला. १८९५ साली तिला न विचारता केलेली चूक त्यांनी पुन्हा केली नाही. लक्ष्मीबाई हे जवळून बघत होत्या. पैशाची बेफिकिरी तशीच होती, विसरभोळेपणा तसाच होता. पण खोटेपणा नव्हता, आणि आता कामाला ठिकाण होतं.

राहुरीतला बदल

त्यानंतर कुटुंबाचा मुक्काम राहुरीला पडला. तिथं डॉ. बॅलंटाइन यांचं मिशनचं काम होतं. १८९९-१९०० चा मोठा दुष्काळ याच सुमारास पडला. खेड्यापाड्यांतून उपाशी माणसं, पोरकी लेकरं येत होती.

राहुरीतच लक्ष्मीबाईंच्या मनात जातीचा विचार घोळू लागला. देवानं माणसं केली, पण जाती केल्या का? त्या माणसांनीच केल्या असतील तर आपण एवढ्या धरून का बसलो? आयुष्यभर सोवळ्यात गुदमरलेल्या बाईनं हा प्रश्न स्वतःच उकलला. कोणी पाठ घेऊन नव्हे, नवऱ्यानं पटवून नव्हे. यापुढं कोणाच्याही हातचं पाणी प्यायचं, असं त्यांनी ठरवलं आणि तसं केलंही. त्यानंतर १९०० साली त्यांनी दत्तूसह बाप्तिस्मा घेतला. दोन चुली एक झाल्या.

नवऱ्याकडं परत येणं आणि धर्म बदलणं ही दोन वेगळी पावलं त्यांनी वेगवेगळ्या वेळी टाकली. एकासाठी दुसऱ्याची घाई केली नाही.

स्वभाव बदलला का?

नाही बदलला. पुढंही टिळक टिळकच राहिले. घरात पाहुणे, अनाथ मुलं, होतकरू कवी यांची कायम वर्दळ. बालकवी ठोंबरे नगरला टिळकांच्या घरी राहिले ते घरच्या मुलासारखे. हे सगळं कमी पैशात निभावायची जबाबदारी लक्ष्मीबाईंवर पडायची. भांडणंही होत, अबोला होई. फरक एवढाच, की आता त्या मुकाट सोसणाऱ्या मनू राहिल्या नव्हत्या. नवऱ्याला तोंडावर सुनवायच्या, त्याच्या फजित्यांवर हसायच्या आणि घराचा लगाम आपल्या हातात ठेवायच्या.

टिळक १९०४ साली धर्मोपदेशक झाले. १९१२ पासून 'ज्ञानोदय' या पत्राचा मराठी भाग त्यांनी सांभाळला. मराठी चर्चमध्ये आजही त्यांची भजनं गायली जातात. १९१७ साली पुन्हा जुनी ऊर्मी आली. मिशनचा पगार सोडून त्यांनी साताऱ्यात 'देवाचा दरबार' सुरू केला. पन्नाशीत पगार सोडणारा नवरा! लक्ष्मीबाई तेव्हाही बरोबर राहिल्या. पण एव्हाना त्यांना या माणसाची नस पक्की माहीत झाली होती. ९ मे १९१९ रोजी मुंबईत टिळकांचं निधन झालं.

'ख्रिस्तायन' हे महाकाव्य टिळकांनी सुरू केलं होतं, जेमतेम दहा-अकरा अध्याय झाले होते. अर्धवट सोडून जाण्याची त्यांची ही शेवटची खेप. शाळेत न गेलेल्या बायकोनं ते हाती घेतलं आणि पुढचे चौसष्ट अध्याय लिहिले. १९३४ पासून 'स्मृतिचित्रे' भागांनी पुस्तकरूपात येऊ लागलं. मराठीतल्या उत्तम आत्मचरित्रांत त्याचं नाव घेतलं जातं. त्यात त्यांनी नवऱ्याची एकही खोड झाकली नाही आणि त्याला कमीही लेखलं नाही. २४ फेब्रुवारी १९३६ रोजी त्या गेल्या. पुस्तकाचा शेवटचा भाग दत्तूनं, म्हणजे देवदत्त टिळकांनी पुरा केला.

लक्ष्मीबाईंच्या आयुष्यावरून कोणी असा अर्थ काढू नये, की नवरा कसाही असला तरी बाईनं नांदलंच पाहिजे. त्या पाच वर्षं दूर राहिल्या होत्या. परत आल्या तेव्हाही आपली चूल, आपला देव, आपलं मत घेऊन आल्या. समोरचा माणूस बळजबरी करत नाही, लबाडी करत नाही, एवढी खात्री पटल्यावरच त्यांनी पुढचं पाऊल टाकलं. नवरा आज ना उद्या सुधारेल, या भरवशावर त्या थांबल्या नाहीत. तो आहे असाच राहणार, हे धरून त्यांनी हिशेब केला.

शिंगणापूरला जाताना राहुरीत चहाला गाडी थांबली, तर एवढं आठवायला हरकत नाही. लक्ष्मीबाईंना निर्णय घ्यायला पाच वर्षं लागली, आणि ती पाच वर्षं त्यांनी घेतली.