मुंबईला माणसे आणणारा साहेब

कर कमी तिथे बिऱ्हाड हलवायची व्यापाऱ्यांची रीत आजची नाही. साडेतीनशे वर्षांपूर्वी जेराल्ड ऑन्जियरने तिचाच उपयोग करून मुंबई वाढवली. १६६९ मध्ये तो गव्हर्नर झाला तेव्हा हे बेट दलदलीचे आणि रोगट होते.

आपल्या रत्नागिरी जिल्ह्याशीही त्याचा हिशेब होता. राजापूरची इंग्रज वखार शिवाजी महाराजांनी १६६१ मध्ये लुटली होती. तिची भरपाई इंग्रज वर्षानुवर्षे मागत राहिले. अखेर १६७४ मध्ये, राज्याभिषेकाच्या वेळी, ऑन्जियरचा वकील हेन्री ऑक्झेंडन रायगडावर गेला. तहात भरपाई ठरली आणि इंग्रजांच्या मालावर अडीच टक्के जकात.

मुंबईत ऑन्जियरने व्यापाऱ्यांना सवलती देऊ केल्या. पण तेवढ्यावर तो थांबला नाही. १६७२ मध्ये न्यायालय उघडले, टाकसाळ काढली, जातींच्या पंचायतींना मान दिला. पोर्तुगीजांच्या दीवमधील निमा पारेख या व्यापाऱ्याने १६७७ मध्ये मुंबईला येण्याची बोलणी केली. त्याने घरासाठी जागा मागितली, तशीच आपला धर्म निर्वेध पाळण्याची हमीही. त्याच वर्षी ३० जूनला ऑन्जियर सुरतेत वारला.

बँकेत आयुष्य काढल्यावर एवढे उमगते, की पैसा सवलतीसाठी येतो, टिकतो मात्र भरवशावर.